दोन मिनिटं एकोणीस सेकंद

हाडांचे डॉक्टर रिपोर्ट वाचत नाहीत, एक्स-रे बघतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा चिखल यातूनच झाला.

तळमजल्यावर एक्स-रे निघतो आणि त्याच मिनिटाला वर आमच्या वॉर्डातल्या कंप्युटरवर दिसतो. डॉक्टर उभ्याउभ्याच माउस फिरवतात, मोठं करतात, लहान करतात, "रॉड घालू" म्हणतात आणि चालू लागतात. दुसऱ्या दिवशी खालच्या एक्स-रे विभागातले डॉक्टर, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, त्याच एक्स-रेवर सहा-सात ओळी लिहून पाठवतात. त्या ओळी कंप्युटरवरच्या एका यादीत येऊन पडतात. यादीच्या डोक्यावर लाल आकडा असतो, न वाचलेले रिपोर्ट इतके. नऊ वर्षं मी तो आकडा फक्त वाढताना बघितला.

आमचे मोठे डॉक्टर मुरिगेंद्रप्पा म्हणायचे, "मी हाड जोडून, हात धुऊन, जेवून बसतो, तेव्हा खालून कळवतात की हाड मोडलंय." सगळे हसायचे. मीही हसायचे. बोलणं खोटं नव्हतं.

पण छातीचा एक्स-रे हाडासाठी काढत नाहीत. ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर तो बघतात. हृदय वाढलंय का, फुफ्फुसात पाणी आहे का, भूल झेपेल का. झेपेल म्हणून सही करतात आणि त्या एक्स-रेला पुढे कुणी मालक राहत नाही. हाडवाले म्हणतात भूलवाल्यांनी बघितला. भूलवाले म्हणतात रिपोर्ट येईल तेव्हा हाडवाले बघतील. मधल्या त्या फटीत माणूस पडला तर आवाजसुद्धा येत नाही.

मी नागवेणी. दावणगेऱ्याच्या या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डाची कंप्युटर ऑपरेटर. दहावी पास, कन्नड शाळेतून. इंग्रजी मला शाळेने दिलं नाही, या रिपोर्टांनी दिलं. रद्दीवाल्याकडून एक शब्दकोश आणला होता, त्याची पहिली तीसेक पानं गायब होती. जेवणाच्या सुट्टीत डब्यातली रोटी एका हातात आणि रिपोर्ट समोर, असं मी एकेक शब्द फोडून शिकले. हळूहळू पेशंटची माणसं यायला लागली. "अक्का, यात काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा." मी वाचून सांगायचे. डॉक्टर ज्या गोष्टी चार शब्दांत उरकतात त्या मी नीट बसून सांगायचे. मला त्याचा माज होता. चांगला माज होता, असं मला वाटायचं.

तिप्पेस्वामी चौदा नंबरच्या खाटेवर होता. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर, वय पंचावन्नच्या आसपास. पी. बी. रोडवर एका कापडदुकानाची पाटी रंगवताना परांचीवरून खाली आला आणि मांडीचं हाड मोडलं. अठरा दिवस होता. त्याची बायको हालम्मा रोज मंडक्की, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे, आणि मिरची भजी बांधून आणायची आणि अर्धी मला द्यायची. तिप्पेस्वामीला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्याने आयुष्यभर इंग्रजी पाट्या रंगवल्या होत्या. आमच्या एक्स-रे विभागाच्या दारावरची पाटीसुद्धा त्याच्याच हातची.

"मला अक्षराचा आकार कळतो, अर्थ कळत नाही," तो म्हणायचा. "तुला अर्थ कळतो. तू मास्तरीण. आपण दोघं मिळून एक शिकलेला माणूस होतो."

"आणि मी?" हालम्मा विचारायची.

"तू फी भर."

तो मला मास्तरीणच म्हणायचा. रॉड घालून, कुबड्या घेऊन तो घरी गेला. हे मार्चमधलं.

मे महिन्यात हॉस्पिटलचा दर्जा तपासायला बेंगळुरूहून माणसं येणार होती. नियम असा की कुठलाही रिपोर्ट चोवीस तासांपेक्षा जास्त न वाचलेला राहता कामा नये. आमचा लाल आकडा होता आठशे बारा. मुरिगेंद्रप्पांनी शिकाऊ डॉक्टर हेब्बारला बोलावलं आणि म्हणाले, "शुक्रवारी मला तिथे शून्य दिसलं पाहिजे."

हेब्बार उडुपीकडचा, हुशार पोरगा, गोड बोलायचा. त्याने चिकटपट्टीच्या तुकड्यावर आपला पासवर्ड लिहिला आणि माझ्या कीबोर्डच्या कडेला चिकटवला.

"अक्का, उघडा, टिक करा, बंद करा. बास."

"वाचायचं नाही?"

"आठशे बारा? वाचायला बसलात तर मीच रिटायर होईन."

"पण टिक म्हणजे डॉक्टरने वाचला असं ना?"

"टिक म्हणजे टिक, अक्का." तो हसला. "हाडं सगळी जोडून झालीत. ती माणसं आता घरी नाचतायत."

मी बसले. एकेक रिपोर्टला तीन सेकंद. नाव, चौकोन, टिक, बंद. पहिल्या शंभरात मी थोडं वाचत होते, मग डोळेच थांबले, बोटं तेवढी चालत होती. मजा येत होती, खरं सांगते. लाल आकडा माझ्या बोटाने उतरत होता. कधी नव्हे ते हॉस्पिटलातली एक गोष्ट मी कमी करत होते.

मग तिप्पेस्वामीचं नाव आलं. ओळखीचं नाव म्हणून थांबले. छातीचा एक्स-रे, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात दोन सेंटिमीटरची गोल सावली. गाठ असू शकते. छातीचा सीटी स्कॅन करून घ्यावा.

मी ते दोनदा वाचलं. एक शब्द नक्की करायला शब्दकोश काढला. तो शब्द मिळाला. मला जे वाटलं होतं तेच होतं. रिपोर्टच्या वर त्याचा पत्ता होता, फोन नंबर होता. मी टिक न करता तो बंद केला, त्याचं नाव तळहातावर लिहिलं आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर जाऊन उभी राहिले.

हेब्बार अर्ध्या तासाने बाहेर आला. डॉक्टरांच्या खोलीत कुणीतरी लोण्याचे बेण्णे डोसे मागवले होते, पाच-सहा जण उभ्याने खात होते. मी दारातूनच सांगितलं.

"डॉक्टर, चौदा नंबरचे तिप्पेस्वामी होते ना, पेंटर. त्यांच्या छातीत काहीतरी सावली लिहिलीय. सीटी करा म्हणतात."

मग दुसरा एक शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "हेब्बार, तुझी जागा गेली रे. अक्का रेडिओलॉजिस्ट झाल्या."

"खाली खुर्ची टाका त्यांना," तिसरा म्हणाला.

हेब्बार हसत होता. वाईट हसणं नव्हतं. बोटाला लोणी लागलेलं, थकलेला, सकाळपासून तीन ऑपरेशनं करून आलेला पोरगा. म्हणाला, "जुन्या टीबीचा डाग असेल, अक्का. या गावात निम्म्या लोकांना असतो. टिक करा तुम्ही."

आणि मी काय केलं? मीही हसले. "तेच म्हटलं, विचारून घ्यावं," असं म्हणाले. कान तापले होते. परत येऊन बसले आणि टिक केलं. तीन सेकंद. मग पुढचं नाव. तळहातावरचं नाव हात धुताना निम्मं गेलं, निम्मं तसंच राहिलं. नंबर होता माझ्याकडे. मला फोन करायला कुणी अडवलं नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं, तिप्पेस्वामी अण्णा, छातीच्या डॉक्टरला दाखवून ये. पण मी स्वतःला सांगितलं, एवढे शिकलेले लोक म्हणतायत तर तू कोण? हे नम्रपणाने सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी रागाने सांगितलं. माझ्यावर हसले ना, मग त्यांना धडा मिळू दे म्हणून. धडा मिळाला तो तिप्पेस्वामीला.

शुक्रवारी लाल आकडा शून्य झाला. तपासणीच्या माणसांनी शाबासकी दिली. मुरिगेंद्रप्पांनी वॉर्डात पेढे वाटले. मीही खाल्ला.

एप्रिलमध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षाने, तिप्पेस्वामी परत आला. खोकल्यातून रक्त पडत होतं. नवा एक्स-रे निघाला तो छातीच्या डॉक्टरांनी उघडला आणि कंप्युटरने शेजारी जुना दाखवला, तसा तो दाखवतोच. जुन्यात सुपारीएवढी सावली, नव्यात लिंबापेक्षा मोठी. खाली जुना रिपोर्ट. रिपोर्टवर टिक. टिकच्या खाली हेब्बारचं नाव.

चौकशी बसली. अधीक्षक मॅडमच्या खोलीत मुरिगेंद्रप्पा, हेब्बार, तो रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर अनुसूया आणि कंप्युटर विभागाचा माणूस. मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि अकरा वाजता आत बोलावलं. खुर्ची नव्हती, मी उभी राहिले.

कंप्युटरवाल्याने कागद वाचला. "डॉक्टर हेब्बारांच्या पासवर्डवरून त्या दिवशी आठशेच्या वर रिपोर्ट बघितले गेले. प्रत्येक तीन-चार सेकंद. हा मात्र दोन मिनिटं एकोणीस सेकंद उघडा होता. मग टिक न करता बंद. चाळीस मिनिटांनी परत उघडला, तीन सेकंद, टिक."

"त्या वेळी डॉक्टर हेब्बार ऑपरेशनमध्ये होते," अधीक्षक मॅडम म्हणाल्या. "कंप्युटरवर कोण होतं?"

हेब्बार टेबलाकडे बघत होता. मी म्हणाले, "मी."

"मी लिहिलं होतं," अनुसूया मॅडम म्हणाल्या. "स्पष्ट लिहिलं होतं. त्यापुढे माझं काम संपतं." त्यांच्या टेबलावर फोन आहे. आमच्या वॉर्डाचा नंबर तीन आकडी आहे. पण हे मी बोलले नाही. मला बोलायला तोंड कुठे होतं, माझ्याकडे तर तिप्पेस्वामीचा सबंध नंबर होता.

"दोन मिनिटं एकोणीस सेकंद," अधीक्षक मॅडम परत म्हणाल्या. "तू वाचलास तो?"

मी उत्तर द्यायच्या आत मुरिगेंद्रप्पा पुढे झुकले. आवाज मऊ होता त्यांचा. नऊ वर्षांत माझ्याशी इतक्या मऊ आवाजात बोलले नव्हते.

"अहो मॅडम, दहावी पास बाई. तिला काय कळतंय इंग्रजी. फोनबिन आला असेल, उघडा राहिला असेल. हो ना गं नागवेणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मला कळलं की हे दार माझ्यासाठीच उघडलंय. फक्त खाली वाकून जायचं आहे. मला काही कळत नाही असं म्हटलं की मी सुटते, हेब्बार निम्मा सुटतो, मुरिगेंद्रप्पा तर पूर्णच. दोष कंप्युटरचा, गर्दीचा, अडाणी बाईचा. कळलं असं म्हटलं तर? कळलं होतं, तर फोन का नाही केलास? माझी नोकरी दर वर्षी नव्या कागदावर चालते. पण नोकरीचं कारण पुढे करून मी लपणार नाही. मी भ्याले ते त्या प्रश्नाला. आजही भिते.

"फोन आला होता, सर," मी म्हणाले. "मला नुसतं टिक करता येतं. इंग्रजी नाही कळत."

अधीक्षक मॅडमनी ते लिहून घेतलं. कुणीतरी श्वास सोडला. रद्दीतला तो शब्दकोश माझ्या टेबलाच्या खणात होता, त्या खोलीपासून दोन मजले खाली.

बाहेर आले तर मागोमाग हेब्बार. जूनमध्ये तो शिक्षण संपवून जाणार होता. दाढी वाढली होती, डोळे लाल.

"अक्का," तो हळू म्हणाला, "उपकार झाले तुमचे."

त्या वाक्याने माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"तुम्हाला आठवतंय ना डोसे खाताना मी काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"आठवतंय." त्याने तोंड फिरवलं. "रोज आठवतं."

आम्ही दोघं तसेच जिन्यापर्यंत आलो, आणि तिथल्या बाकावर हालम्मा बसलेली. शेजारी चाकाच्या खुर्चीत तिप्पेस्वामी. मी त्याला ओळखलं ते हातांवरून. नखांच्या कडेला निळा रंग अजून होता, बाकी माणूस निम्मा झाला होता.

"ही बघा आली," हालम्मा म्हणाली. "अहो, मास्तरीण आली तुमची. अक्का, तासभर शोधतेय तुम्हाला. वॉर्डात म्हणाले वर गेलीय."

तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी होती. पुढच्या उपचारासाठी बेंगळुरूच्या डॉक्टरांनी जुने सगळे कागद मागितले म्हणून तिने खालच्या खिडकीवरून ते छापून आणले होते. तिने वरचाच कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"छातीच्या डॉक्टरांनी या कागदावर पेनाने गोल केलाय. काय आहे विचारलं तर म्हणाले, चौकशी चालू आहे, नंतर सांगू. तुम्ही वाचा ना. तुम्ही कायम वाचून सांगायचात."

हेब्बार माझ्या मागे उभा होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. दहा मिनिटांपूर्वी दिलेलं उत्तर अजून वाळलंही नव्हतं. मी म्हणू शकले असते, चष्मा खाली राहिला. म्हणू शकले असते, डॉक्टरांना विचारा, हे इथेच आहेत.

तिप्पेस्वामीने कागद आपल्याकडे ओढला आणि बोटाने एक ओळ दाखवली. "ही सगळी अक्षरं मी काढलीत," तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "कापडाच्या दुकानावर, मेडिकलवर, इथे खालच्या दारावर. आकार ओळखीचे आहेत. अर्थ तू सांग."

मी वाचलं. आधी इंग्रजीतून मोठ्याने, मग कन्नडमधून, जसं नेहमी सांगायचे तसं. उजवं फुफ्फुस, वरचा भाग, दोन सेंटिमीटरची गोल सावली. गाठ असू शकते. सीटी स्कॅन करून घ्यावा. आणि वरची तारीख.

हालम्माने तारीख परत विचारली. मी परत सांगितली.

"ही तर पाय मोडला तेव्हाची." ती म्हणाली. "म्हणजे तेव्हाच दिसलं होतं?"

"हो."

"मग कुणी बघितलं नाही?"

"मी बघितलं," मी म्हणाले. "मे महिन्यात. तुम्ही घरी गेल्यावर. मी वाचलं, मला कळलं, तुमचा फोन नंबर माझ्यासमोर होता. डॉक्टरांना विचारलं, ते हसले, मग मीही हसले आणि वाचला म्हणून खूण करून टाकली. आता आत विचारलं तर मी म्हणाले की मला इंग्रजी येत नाही."

हालम्माने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मला वाटलं मारेल. मारावं असं वाटत होतं. ती फक्त म्हणाली, "तुम्ही माझी भजी खायचात."

"हो."

"एक फोन, अक्का."

"हो."

माफीचा शब्द तोंडाशी आला होता, तो गिळला. माफी मागितली असती तर तिनेच मला अजून काहीतरी द्यावं असं झालं असतं, आणि मी तिच्याकडून आधीच पुष्कळ घेतलं होतं.

तिप्पेस्वामी खोकला. पदर पुढे करून हालम्माने त्याचं तोंड पुसलं. तो शांत झाल्यावर म्हणाला, "आता जे बोललीस ते कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. आत दुसरंच लिहिलंय."

"मग इथे लिही, मास्तरीण. कन्नडमध्ये. हिला वाचता आलं पाहिजे."

त्याने कागद उलटा केला. मी भिंतीला टेकवून लिहायला लागले. मी काय वाचलं, किती वाजता, कुणाला सांगितलं, ते काय म्हणाले, मी काय केलं. दोन मिनिटं एकोणीस सेकंद हेही लिहिलं. खाली सही केली. सहीच्या बाजूला जागा उरली होती. मी पेन हेब्बारपुढे धरलं.

त्याने पेनाकडे बघितलं, मग तिप्पेस्वामीकडे. मग म्हणाला, "अक्का, मला वॉर्डात बोलावलंय," आणि जिना उतरून गेला. कुणी बोलावलं नव्हतं. मी त्याला दोष देऊ शकते का? थोड्या वेळापूर्वी आत मीही असाच जिना उतरले होते, फक्त उभ्या जागी.

तिप्पेस्वामीने कागद हातात घेतला आणि लांब धरून बघितला, पाटी बघतात तसा. अर्थ त्याला माहीत होता. तो अक्षर बघत होता.

"शेवटच्या ओळी खाली उतरल्यात," तो म्हणाला. "पाटी असती तर पुसून परत काढायला लावली असती."

"परत लिहू?"

"नको," हालम्मा म्हणाली. "जसं आहे तसं राहू दे." तिने कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे परत दिली. "हा आधी आत दाखवून या. मग झेरॉक्स काढून आमचा आम्हाला द्या. आम्ही इथेच बसतो. दोनची बस आहे."

मी वळले. अधीक्षक मॅडमचं दार बंद होतं, आतून चहाच्या कपांचा आवाज येत होता, मुरिगेंद्रप्पा काहीतरी सांगत होते आणि कुणीतरी हसत होतं. मी दार वाजवलं. मागे बाकावर ती दोघं होती. मी आत जाते की नाही ते बघत होती.